हे बेसन नाही

भाऊजी,

गेल्या वर्षी अश्विन पौर्णिमेच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेआठ वाजता, आपल्या ओट्यावर तुम्ही पंधराशे रुपये परत केले. पाच जणींना, प्रत्येकी तीनशे. हजर होत्या यमुनाबाई, रेखा, कांता, मीरा आणि पंचफुला. शिवाय मी आणि तुमची शोभा. तुमचे दादा गोठ्यात होते, ते काही बाहेर आले नाहीत. नोटा हातात देताना तुम्ही प्रत्येकीला म्हणत होता, "मोजून घ्या." पाचवीचं मोजून झाल्यावर माझ्याकडे वळून विचारलंत, "बरोबर हायेत ना, वयनी?"

मी म्हटलं, "बरोबर हायेत."

त्या दिवशी आपण दोघं एवढंच बोललो. तुम्ही आत जाऊन चहा प्यायलात, मी खवा घेऊन धाडच्या बाजारातल्या दुकानदाराकडे गेले. त्या पैशांवर पुढे तुम्ही कधी एक शब्द काढला नाही. आज तुम्हाला जाऊन त्रेपन्न दिवस झाले, आणि मला तो शब्द काढायचा आहे.

ते पैसे माझ्या वहीमुळे गेले होते. सगळ्यांना वाटतं, तुम्ही आणलेली पावडर बोगस निघाली आणि तुम्ही सरळमार्गी म्हणून भरपाई केली. तसं सांगायला बरंही वाटतं. पण पावडर बोगस आहे हे ठरवलं मी, वहीत लिहिलं मी, आणि वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला विहारात बायका जमल्या तेव्हा मोठ्यानं सांगितलंही मीच. आकडे खरे होते. त्यांच्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता. आकड्याला पक्की म्हणून गल्लीत माझं नाव आहे, म्हणून तो अर्थही लोकांनी खरा धरला.

आषाढात तुम्ही चिखलीहून तीनशेला एक अशी सहा पाकिटं घेऊन एसटीतून उतरलात ते मला दिसतं. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पिशवी छातीशी. आपल्या दोन घरांत मिळून एक गोबरगॅसची टाकी, गल्लीत आणखी पाच. पावसाळ्यात सगळ्यांचाच गॅस कमी पडतो. चिखलीच्या दुकानदाराने तुम्हाला सांगितलं होतं, एन्झाइमची पावडर आहे, रोज एक चमचा शेणकाल्यात टाकायची, गॅस वाढतो. तुम्ही मला तेवढंच सांगितलंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने कॉलेजात ड्यूटीवर गेलात.

मी पाकीट फोडून वास घेतला. आंबूस, पिठासारखा. मनात आलं, हे तर विरजण आहे. विरजण का कोणी रोज थोडं थोडं टाकतं? एकदा नीट लावलं की दही आपलं आपण होतं, त्यातलंच पुन्हा उद्या. पंचवीस वर्षं दुधात हात असलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मी सगळं पाकीट एका दमात शेण कालवायच्या कुंडीत रिचवलं, वर दोन बादल्या पाणी घातलं आणि बूच काढून सगळं टाकीत सोडलं. पाची जणी विचारायला आल्या, त्यांनाही तेच सांगितलं. मीरा तेवढी भित्री, तिनं अर्धंच टाकलं. तुम्हाला कोणी विचारलंच नाही. आणली तुम्ही आणि वापरायची कशी ते सांगितलं मी.

माझी मोजायची रीत तुम्हीच घालून दिलेली. रात्री आठला कॉक बंद. सकाळी सहाला एक शेगडी पूर्ण उघडायची, खव्याची कढई चढवायची, आणि गॅस संपून ज्योत बसेपर्यंत किती मिनिटं चालली ते वहीत लिहायचं. शेणाच्या दोन टोपल्या म्हणजे दोनच, पाणीही तेवढंच. टाकी बांधली त्या वर्षी तुम्ही तुमचं जुनं हातघड्याळ मला दिलंत आणि म्हणालात, "वयनी, गॅस कमी झाला कमी झाला म्हणून कोणी बोंबलत असंल तं ऐकू नका. किती मिनिटं, तेवढं इचारा."

पावडरीच्या आधीच्या पंधरा दिवसांची सरासरी होती एकशे बावीस मिनिटं. नंतरच्या पंधरा दिवसांची आली एकशे तेवीस. एका मिनिटाला तीनशे रुपये. मी वहीत लिहिलं, "पावडर बोगस," आणि खाली रेघ मारली. दोन रेघा मारल्या.

तुम्ही ती वही पाहिलीत, बंद केलीत, आणि पुढच्या रविवारी पैसे वाटलेत. "माझ्या वयनीचा आकडा म्हणजे आकडा," असं पंचफुलाला म्हणालात ते मी दाराआडून ऐकलं होतं. त्या वेळी मला अभिमान वाटला. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

दिवाळीनंतरची ती दुपारही मी विसरलेले नाही. मी तूप कढवत होते. तुम्ही ड्यूटीवरून लवकर आलात आणि वही मागितलीत. पाटावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, बोटानं एकेक ओळ खाली जात होतात.

"वयनी, हे तीन दिवस कुठी गेले?"

"कोणते?"

"पावडर टाकल्यावरचे. एकशे एकतीस, एकशे चौतीस, एकशे एकोणतीस. मंग एकदम एकशे एकवीस."

"सरासरीत हायेत ना. मी काही खाल्ले नाही."

"तुमी नाही खाल्ले. पण कोणी तरी खाल्ली पावडर."

मग तुम्ही कॉलेजातल्या सरांना विचारून आणलेलं सगळं मला सांगायला बसलात. ही पावडर विरजण नव्हे. तिच्यात जीव नाही, ती आपल्यासारखीच आणखी पावडर तयार करत नाही. ती कात्री आहे. मळणीनंतरच्या भुशाची, आपल्या कुटाराची काडी चिवट, टाकीतल्या गॅस करणाऱ्या बारीक जिवांना ती लवकर फुटत नाही. ही कात्री तिचे बारीक तुकडे करते, मग त्यांना खायला सोपं जातं. पण टाकीतल्या त्या उपाशी गर्दीला कात्रीसुद्धा खाद्यच. दोन-तीन दिवसांत ते कात्रीच खाऊन टाकतात, ती मरते. महिनाभराची पावडर मी एका सकाळी त्यांच्या पंगतीत वाढली, आणि तीन दिवसांत पंगत उठली.

"आणि आपल्या शेणात कापाले होतं काय?" तुम्ही म्हणालात. "म्हशीनं आधीच चावून चावून दिलेलं. कात्री दिली ती बी हजामत झालेल्याले."

मी हसले, पण हरले नाही. "मरते म्हणता अन् जीव नाही बी म्हणता. एक काय ते ठरवा."

"कात्री मरत नाही. गंजते म्हणा."

"मंग गंजकी कात्री आणली म्हणा की चिखलीहून."

शोभा तुमच्या मागे उभी राहून म्हणाली होती, "दोघं बी एका वर्गात नव्हते हे बरं. मास्तर पळून गेला असता." बावीस वर्षं तुम्ही कॉलेजात काचेची भांडी धुतलीत, हजेरीपटावर कुठंच शिकणारे म्हणून नव्हतात. पण भांडी धुताना त्यांत काय होतं, ते तुम्ही विचारत आलात. दहावीला थांबलेल्या मला घरबसल्या तेवढं शिकायला मिळालं. त्याची फी मी कधी दिली नाही.

माघात तुम्ही तुमच्या रीतीनं करून दाखवलंत. निळ्या ड्रममध्ये सोयाबीनचं कुटार, कोमट पाणी, मी काढून दिलेली एक चमचा पावडर, आणि ड्रम दिवसभर उन्हात. टाकीच्या बाहेर, म्हणजे खाणारे नसतील तिथं कात्रीला तिचं काम करू द्यायचं, आणि काम झाल्यावरच ते कुटार टाकीत सोडायचं. पावडर होती मीराच्या त्या अर्ध्या पाकिटातली, तिनं परत दिलेली. थंडीत नुसत्या शेणावर ज्योत अठ्ठ्याऐंशी मिनिटांवर आली होती. ती पंधरा दिवसांत सरासरी एकशे चारवर गेली. तुम्ही वही माझ्यापुढे धरलीत. "खाली लिहा," एवढंच तुमच्या चेहऱ्यावर होतं.

मी लिहिलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, कुटार बी तं नवीनच टाकलं. गॅस कुटारानं वाढला की पावडरीनं, हे कसं समजाव? पंधरा दिवस बिनापावडरीचं कुटार भिजवा."

दुसरा कोणी चिडला असता. तुम्ही ड्रमकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हे बरोबर हाये." आणि पंधरा दिवस, थंडीत, ड्यूटीवर जायच्या आधी रोज पाणी कोमट करून बिनापावडरीचं कुटार भिजवत राहिलात, स्वतःचंच म्हणणं खोडायला. सत्त्याण्णव मिनिटं आली. म्हणजे पावडरीची सातच.

"सात मिनिटासाठी तीनशे?" मी म्हटलं. मला ते म्हणायचं कारण नव्हतं. आधीच्या वेळेपेक्षा सहा जास्त होती.

तुम्ही ती अर्ध्या पाकिटाची पुडी मागितलीत. मी फळीवरून काढून दिली. शेगडीवरची ती फळी, हळद-तिखट कोरडं राहतं म्हणून मी सगळंच तिथं ठेवते. रोज दोन तास खाली खवा आटतो, खालून वाफ आणि आच. तुम्ही पुडीला हात लावलात, ती गरम होती. तुम्ही वर पाहिलंत, खाली पाहिलंत, आणि भिंतीला टेकून हसत सुटलात.

"वयनी, अश्विनापासून माघापर्यंत तुमी हिले शेकून राह्यल्या. पापड हाय का हे? अर्धी इथंच गेली असंल."

"अर्धी गेली हे कशावरून?"

"नाही सांगता येत. तेच तं."

टाकीत खाल्ली गेली, की फळीवर शेकली गेली, की मुळातच फार जोर नव्हता, यातलं किती खरं ते आपल्याला वेगळं करता येईना. तो वाद तिथंच राहिला. तुम्ही म्हणालात नवं पाकीट आणतो, थंड जागी ठेवतो, मग पाहू. मी म्हटलं पाहू. चैत्र संपायच्या आत तुम्हीच उठून गेलात.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तिसऱ्या दिवशी शोभा पिठलं करायला निघाली. किती दिवसांनी तिला काही करावंसं वाटलं होतं. फ्रिजमधून तिनं स्टीलचा डबा काढला आणि तो हातात घेऊन माझ्याकडे आली. झाकणावर कागद चिकटवलेला, तुमचं गोल अक्षर: "हे बेसन नाही. वयनीले विचारल्याशिवाय उघडू नये." आणि खाली, बारीक: "८ दिवस बिना, ८ दिवस पावडर. परत तसंच. कुटार सारखं. पहिले दोन दिवस धरू नये."

शोभानं विचारलं, "हे काय लिहिलं त्यायनं?"

मी सांगितलं. पावडर आणि बिनपावडर आलटून पालटून, म्हणजे ऊन वाढलं तरी दोघांना सारखं वाढेल. पहिले दोन दिवस सोडायचे, म्हणजे आधीच्या आठवड्याचं राहिलेलं नव्यात मिसळणार नाही. एवढं सगळं तुम्ही डब्यावर लिहून ठेवलं होतंत, आणि त्यात एकही ओळ माझ्याशी भांडायला नव्हती. माझा प्रत्येक आक्षेप तुम्ही त्यात आधीच घेतला होता. मी त्या दिवशी रडले ते या कागदावर, भाऊजी. त्याआधी नीट रडलेही नव्हते.

शोभा म्हणाली, "मंग करा ना. डबा तं तुमच्याच नावाचा हाये."

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. ड्रम तुमचाच, चमचा तुमचाच. कुटार शोभा तोलून द्यायची, मी भिजवायचे. तुमचे दादा, जे त्या रविवारी गोठ्यातून बाहेर आले नव्हते, ते रोज सकाळी सहाला येऊन शेगडीजवळ बसायचे आणि ज्योत बसली की म्हणायचे, "लिही." बत्तीस दिवसांत एकदाही चुकले नाहीत. एका दिवशी म्हैस आजारी होती, शेण कमी पडलं. तो दिवस मी गाळला, आणि गाळला असं लिहूनही ठेवलं.

तुम्ही वही बंद करून ठेवणारे नव्हतात, म्हणून आकडे सांगते. बिनपावडरीचे दिवस, सरासरी एकशे अठरा मिनिटं. पावडरीचे दिवस, एकशे तेहेतीस. पंधरा मिनिटं, भाऊजी. मी तीनदा बेरीज केली, एकदा शोभाकडून करवून घेतली. पावडरीचा सगळ्यात वाईट दिवससुद्धा बिनपावडरीच्या सगळ्यात चांगल्या दिवसाच्या वर आहे.

माघात सात, आता पंधरा. अर्धी फळीवर गेली हे तुमचं म्हणणं बरोबर निघालं, असं लिहायला माझा हात शिवशिवला. लिहिलं नाही. ऊन वेगळं, पाकीट वेगळं, दोन गोष्टी एकदम बदलल्या. तुम्हीच म्हटलं असतं, वयनी, हे धरू नका. आणि पंधरा मिनिटांत पाकिटाची किंमत निघते का, हेही मला अजून म्हणता येत नाही. खव्याच्या दिवसांत निघेल, नुसत्या स्वयंपाकाला बहुतेक नाही. थोडी थोडी रोज टाकीतच टाकली तरी काही तरी होईल, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होता. मला नाही वाटत. त्यावर आपलं भांडण राहिलंच. राहू द्या. डब्यात सतरा चमचे शिल्लक आहेत.

पण जे लिहिता येत होतं ते लिहिलं. "पावडर बोगस" या ओळीखाली, त्या दोन रेघांच्या खाली: "वरचे चूक. पावडर खरी. टाकली चुकीची, ठेवली चुकीची. दोन्ही चुका माझ्या." आणि सही केली. घरच्या वहीत पहिल्यांदाच सही केली.

मग काल, रविवारच्या वंदनेनंतर, विहारात जिथं बसून तेव्हा बोलले होते तिथंच बसून बोलले. वही वाचून दाखवली.

यमुनाबाई म्हणाल्या, "मंग तवा बोगस काऊन म्हणलं, माय?"

"मी विरजण समजली."

"आमी बी सगळं एकदम टाकलं. तूच सांगतलं होतं."

"हो. मीच."

रेखा खाली पाहत होती. ती म्हणाली, "आन् सुधाकरभाऊनं पैसे देल्ले ते?"

मी सांगितलं की ते मी देणार आहे, खव्याचे आणले आहेत, शोभाला देते. पिशवीत हात घातला तर यमुनाबाईंनी मनगट धरलं.

"तुह्या घरात आले होते का ते पैसे? आमच्या घरात आले. तुह्यापाशी लय झाले असतील तं पेढे कर."

मग त्या पाच जणी आपापल्या घरी जाऊन पैसे घेऊन आल्या, आणि आम्ही सगळ्या आपल्या ओट्यावर बसलो. कोणी कुठं बसावं हे कोणी सांगितलं नाही, पण जवळजवळ त्या रविवारसारख्याच बसलो. या वेळी तुमचे दादाही बाहेर येऊन दारात उभे राहिले. शोभाला वाटलं काही तरी वाईट झालं. यमुनाबाईंनी तिला सांगितलं, माझ्यापेक्षा थोडक्यात: "तुह्या नवऱ्याची पावडर खरी होती. आमी चुकलो."

शोभा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नंतर मला म्हणाली, "त्यायले म्हाईत होतं?"

मी म्हटलं, "त्यायले म्हाईत होतं. माह्या वहीत यायचं राह्यलं होतं."

कांताकडे त्या घडीला दोनशेच होते. शंभर यमुनाबाईंनी घातले. ते त्या दोघी पाहतील. मी एक किलो खवा दिला, काट्यावर तोलून. तो फीचा आहे, पावडरीच्या पैशांत धरायचा नाही, हेही सांगितलं.

रोख एकूण पंधराशे, शोभा सुधाकर यांना, पाच जणींकडून, माझ्या आणि तुमच्या दादांच्या समोर. ती तशीच न पाहता नोटांची घडी करायला लागली. मी म्हटलं, "मोजून घे."

तिनं मोजले. शेवटच्या नोटेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर हायेत, वयनी."